सहा प्रती, पांढरी पार्श्वभूमी

शारजात, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला
तासाला चाळीस दिरहम भाड्याची खोली.
खिडकीला काळा कागद.
बाहेरच्या उन्हात फोटो निघत नाही,
फक्त माणूस इथे होता याचा पुरावा निघतो.

आठवडाभर मी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची ड्रॉइंगं काढतो,
न उघडणाऱ्या, चाळीस मजल्यांच्या.
शुक्रवारी जुम्म्यानंतर उजेड शिकतो.
मामू दाभोळहून फोनवर विचारतात,
"काय उजेड पाडलास रे तिथे?"
मामू, एक दिवा.
त्याच्यापुढे पांढरं कापड,
पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांच्या वर वीतभर.
एवढा पाडला.

तुषारी सव्वादोनला आली.
रोलाच्या सलूनमध्ये नखं करते, चारला ड्यूटी.
चेहरा दोन छटा गोरा करून आली होती,
मान मात्र तिचीच राहिली होती.
स्क्रीनवर बघून स्वतःच हसली,
इथल्या त्या हिंदीत, जी कुणाचीच नाही,
म्हणाली, "ये किसका मुंडी रखा मेरे ऊपर?"
आणि ओल्या टिश्यूने पुसायला लागली.
पुसता पुसता सावळी झाली.
सावळी आणि सावली, एका अक्षराचा फरक,
आणि वाईल सर सांगतात दोन्ही उचला, दोन्ही उजळा.
मी या वेळी हात लावला नाही.

वरून दिवा टाकला.
नाकाखाली सावलीचं फुलपाखरू बसायला हवं होतं.
बसेना. मिशी झाली.
आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.

हे खड्डे मला कोर्सच्या आधीपासून ठाऊक आहेत.
अब्बांचे घरी आलेले सगळे फोटो भर दुपारचे,
दुसऱ्याच्या गाडीला टेकून,
मागे निळ्या शाईत: खुशाल आहे.
पंचवीस वर्षांत एकाही फोटोत डोळे नाहीत.
आम्हाला वाटायचं, अब्बा रागावलेत.
ऊन होतं ते, नेमकं माथ्यावर.
खालून कुणी काही पांढरं धरलं नव्हतं.

जिना उतरून गेलो, गाडीच्या काचेचा चंदेरी पडदा आणला,
तुषारीच्या मांडीवर पसरला.
"गरम है," म्हणाली.
मग हनुवटीखालून उजेड हळूच वर चढला,
पाहुण्यांच्या घरात मूल शिरतं तसा,
आणि डोळ्यांत उतरले दोन चौकोनी कवडसे.
दिवसभर खिडक्या काढणाऱ्या माणसाला
पहिल्यांदाच दोन उघड्या मिळाल्या.

नंतर निळा कागद, नारिंगी कागद.
नारिंगी तिला आवडला नाही.
निळा गालावर असा चढला,
पिकल्या जांभळाच्या सालीवर आभाळ चढतं तसा.
मी पटापट बारा-पंधरा काढले.
ती बघत राहिली एकेक, मान वाकडी करून.
"हाथ किधर है?"
मी म्हटलं, ब्युटी पोर्ट्रेटमध्ये हात नसतात.
"कमाता तो वही है."
मग हात आले. नखं बारीक कापलेली, बिनरंगाची,
अंगठ्याशी ॲसिटोनने सोललेली कातडी.
फोकस मी तिथेच ठेवला. मार्क जातील, जाऊ देत.

तीन पस्तीस. निघताना तिने पर्समधून चिठ्ठी काढली:
पासपोर्ट साइज, सहा प्रती, पांढरी पार्श्वभूमी.
फुकट पोज दिली त्याचा हा हिशोब.
मी दोन्ही दिवे समोरून लावले, सारखे, सपाट.
हसायचं नाही. कान दिसले पाहिजेत.
सावली चालणार नाही.
डोळे उघडे, स्पष्ट.

डोळे स्पष्ट.
म्हणजे अब्बांचेही होते, एका फोटोत.
तो पासपोर्ट पंचवीस वर्षं
कफीलच्या कपाटात होता.

"निकालो ना," तुषारी म्हणाली,
"बस छूटेगा."